लग्न ठरलेल्यांच्या मंदाताई

लग्न ठरलं की आमच्या कॉलनीतली माणसं आधी देवापुढे पेढे ठेवायची आणि मग मंदाताईंकडे जायची. देवाकडे हसत जायची, मंदाताईंकडे जरा दबकत. कारण दिलेला पेढा त्या आधी नाकाशी नेऊन वास घ्यायच्या आणि विचारायच्या, "कोणी जमवलं?" अभिनंदन नाही, वा-छान नाही. मध्यस्थाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न तयार, "आणि त्याला यात काय मिळणार?"

मंदाताई टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या. ट्रंक कॉलच्या काळात त्यांनी नाशिकची माणसं धुळ्याला, जळगावला, मुंबईला जोडून दिली होती. त्या नोकरीने त्यांना एक खोड लावली. माणूस समोर बसून बोलत असला तरी त्या डोळे मिटून ऐकायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारीला झोप लागली. तो बिचारा थांबायचा, तशा त्या म्हणायच्या, "बोला, बोला. चेहरा बघितला की मी फसते. आवाजाने कधी फसले नाही." सगळं ऐकून झाल्यावर त्यांच्या तोंडून एक 'हं' निघायचा. आखूड 'हं' म्हणजे ऐकलं. लांब 'हं' म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

दिसायला बारकुड्या, पाठ ताठ, पर्स कायम काखेत दाबलेली. मंगल कार्यालयात गेल्या की चपला बाहेर काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या आणि ती पिशवी घेऊन आत बसायच्या. एका लग्नात मी म्हटलं, "अहो मंदाताई, बरं दिसतं का ते?" तर म्हणाल्या, "अनवाणी घरी जाताना बरं दिसेल का?" घराला कुलूप लावलं की ओढून बघायच्या, मग आपल्या नवऱ्याला ओढायला लावायच्या. त्यांच्या नवऱ्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. ते निमूटपणे कुलूप ओढायचे आणि "लागलंय" म्हणायचे. यावरही त्यांचा पुरता विश्वास बसायचा नाही.

त्यांचा नियम असा की लग्न ठरलेल्या दोघांनीच यायचं. आईबापांनी जिन्यापाशीच थांबायचं. मुलामुलीला कॉटवर बसवायच्या आणि पोह्यांची एकच बशी आणून मध्ये ठेवायच्या. "दुसरी आणते हं," म्हणून आत जायच्या आणि पडद्याआडून बघत राहायच्या की बशी कोण कोणाकडे सरकवतं. एका मुलाने सगळे पोहे एकट्याने संपवले. मंदाताई मला म्हणाल्या, "भूक लागली असेल, ते ठीक आहे. पण तिने बोट चाटलेलं त्याला दिसलं नाही, हे काही ठीक नाही."

मग सल्ले सुरू व्हायचे. कार्यालय रिकामं असताना बघू नका, दुसऱ्या कोणाच्या लग्नाच्या दिवशी दुपारी जा, हात धुवायच्या जागेपाशी उभे राहा, मग कळेल. नवरीच्या खोलीची कडी आतून लागते का ते स्वतः लावून बघा. केटरर चव बघायला बोलावतो तेव्हा जाऊ नका, तेव्हा तो आपल्या आईलासुद्धा करणार नाही असं करतो. त्याच्या दुसऱ्या लग्नात शेवटच्या पंगतीला जा आणि वरणाच्या भांड्याचा तळ बघा. फोटोवाल्याला निवडक फोटो मागू नका, एका लग्नाचा सगळाच्या सगळा अल्बम मागा. त्यात कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या आल्यात का बघा, नसतील तर तो माणूस फक्त नटलेल्यांचाच. नवरीने स्टेजवर जायच्या आधी पोटभर खावं, नंतर कोणी विचारत नाही. आणि मुहूर्त? "गुरुजींना खरा सांगा, वरातीला त्याच्या बराच आधीचा सांगा. डीजेपुढे नाचणाऱ्यांना खरं सांगून कोणाचं भलं झालंय?"

असं सगळं त्या फुकट करायच्या. आणि इथेच माझं डोकं फिरायचं. मी ब्लाउज शिवते. फुकट कोणी फॉलसुद्धा लावून देत नाही हे मला पक्कं ठाऊक. मग ही बाई उन्हातान्हात दुसऱ्यांच्या लग्नाची कार्यालयं हुंगत का फिरते? कॉलनीत कुजबुज होतीच, की हिला कार्यालयवाल्यांकडून काहीतरी मिळत असणार. माझ्या मयूरीचं लग्न ठरलं तेव्हा मी ठरवलं, आधी हिचाच छडा लावायचा. त्यांनी 'हे घ्या' म्हणून सुचवलेल्या कार्यालयात मी एकटी गेले आणि मॅनेजरला सरळ विचारलं, "मंदाताईंना तुम्ही काय देता?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची किडनी मागितली. "ताई, त्यांना द्यायचं? त्या गेटमधून आत आल्या की मी मागच्या दाराने बाहेर जातो. मागच्या खेपेला बायकांच्या संडासातला नळ दुरुस्त होईपर्यंत खुर्ची टाकून तिथेच बसल्या होत्या!"

मी हे तिखटमीठ लावून मंदाताईंना सांगितलं. राग नाही, काही नाही. उलट खूश झाल्या. "माझी चौकशी केलीस? शाब्बास. आता तू तयार झालीस."

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना विचारलं, तुमचं स्वतःचं लग्न असं काय झालं होतं, म्हणून तुम्ही सगळ्यांवर संशय घेता? मला वाटलं, आता काहीतरी दुःखाचं निघणार. भाऊ ओट्यापाशी चहा गाळत होते. मंदाताई त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "मला सगळं खोटं सांगितलं होतं गं यांच्या घरच्यांनी. नोकरी पक्की म्हणाले, ती कच्ची होती. घर स्वतःचं म्हणाले, ते भाड्याचं. वयसुद्धा चोरलं होतं. आणि एवढ्या खोट्याच्या ढिगाखालून हा माणूस निघाला." भाऊंनी वळून न बघता कप मागे धरला. "साखर कमी घातली आहे," म्हणाले. मंदाताई म्हणाल्या, "माझी लॉटरी लागली, सुनंदा. म्हणून तर भीती वाटते. लॉटरी प्रत्येकीला लागते का?"

आता मयूरीचं सांगते. माझी मुलगी पंचवटीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. शिकताना तिने रात्रीचा दिवस केलेला मी बघितलाय. तिची एकच अट होती, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. स्थळ आलं निफाडचं, द्राक्षबागायतदारांचं. मुलगा निखिल, शांत, शेती बघणारा. मयूरीला आवडला. आमचे हे, म्हणजे मयूरीचे पप्पा, सुपारी फोडायला आम्हाला घेऊन गेले. बैठक झाली, बायका आत बसल्या, पुरुष बाग बघून आले. घरी परत येताना गाडीत यांनी सांगितलं, "नोकरीला त्यांची काही हरकत नाही. बोलणं झालंय." मयूरीने मागून पप्पांच्या गळ्यात हात टाकले. मी देवाचे आभार मानले.

मंदाताईंनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. "बोलणं कुठे झालं?"

"बागेत. पुरुष गेले होते ना."

"तू ऐकलंस?"

"मी आत होते. यांनी सांगितलं."

"हं." लांब. चांगलाच लांब.

मला संताप आला. म्हटलं, अहो, प्रत्येक गोष्टीत काय? माझा नवरा मला खोटं सांगेल का? त्यांनी पर्स काखेत दाबली. पण जाताना म्हणाल्या, "बस्त्याला मी येते. तुझी मावशी म्हणून सांग."

आमच्याकडे बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी. दोन्हीकडची माणसं एकत्र दुकानात बसतात, मुलीच्या साड्या मुलाकडच्यांनी घ्यायच्या आणि नवरदेवाचे कपडे मुलीकडच्यांनी. आम्ही येवल्याला गेलो. पांढऱ्या गाद्यांवर बसलो. दुकानदार साड्या फेकायला लागला. निखिलची आई इंदूबाई, ठसठशीत बाई, हातात गोठ, बोलायला साखर. "पोरीला जे आवडंल ते घ्या, मागं-पुढं बघू नका," असं म्हणत होत्या. पैठणी झाली, शालू झाला. मग त्यांनी स्वतः हात घालून रोजच्या वापराच्या साड्यांचा चांगला मोठा ढीग काढला. मी एकेकीचं सूत बोटांनी चोळून बघितलं. मऊ, रंग पक्के, काठ सरळ. मनात म्हटलं, मोठ्या मनाची माणसं आहेत. साड्यांतलं मला कळतं, हा माझा अभिमान होता तोवर.

मंदाताई दुकानदाराला म्हणाल्या, "दादा, यातली कामावर नेसून जायची कोणती?"

तो म्हणाला, "ताई, या सगळ्या घरातल्या. धुवायला सोप्या."

"हां ना," इंदूबाई प्रेमाने म्हणाल्या. "घरात दिवसभर हात ओलं राहत्यात. हलकी साडी बरी पडती. भारी कशाला लय?"

मयूरी लॅबमध्ये पंजाबी ड्रेस घालून जाते, वरून पांढरा कोट. बस्त्यात त्यातलं काहीच आलं नव्हतं. मला ते दिसलंही नव्हतं. मंदाताईंनी डोळे मिटले होते. दुकानदाराने त्यांना पाणी विचारलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला गाडीत मागे ओढून घेतलं. "साड्या कशा होत्या?"

"चांगल्या. सूत छान होतं."

"सूत बघितलंस तू. त्या नेसून तुझी पोर कुठे उभी राहणार ते बघितलंस का?" त्या पुढे म्हणाल्या, "ही बाई गोड बोलते. पण आवाज खोटा नाही तिचा. तेच मला समजत नाहीये. खोटं असतं तर मला समजलं असतं."

घरी मी यांना विचारलं. हे भडकले. "ती म्हातारी लग्न मोडायला निघालीय! हिला दुसऱ्यांचं सुख बघवत नाही." आणि पेपर तोंडापुढे धरला. मी सांगते, एवढ्या वर्षांच्या संसारात यांनी पेपर उलटा धरलेला मी त्याच दिवशी बघितला. तरी माझं मन म्हणत होतं, नको तो संशय. घरच्या माणसावर संशय घेतला की मग राहायचं कुठे?

पत्रिका छापायला टाकायच्या आधी मंदाताईंनी एक बैठक लावली. कारण काढलं, पत्रिका दोन्ही घरांसमोर मोठ्याने वाचायची, नाहीतर छापून आल्यावर कोणाचा तरी काका रुसतो. हा त्यांचा नेहमीचाच सल्ला, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. इंदूबाई निखिलला घेऊन आमच्याकडे सिडकोत आल्या. मंदाताईंनी पत्रिका वाचली. दोन नावं वर-खाली केली. सगळे हसले. मग कागद घडी करून त्या सहज म्हणाल्या, "बरं इंदूबाई, मयूरीला सकाळी निफाडहून कामावर यायला कोणती बस बरी पडेल?"

इंदूबाई म्हणाल्या, "कोणत्या कामावर?"

मयूरीने माझ्याकडे बघितलं, मी निखिलकडे. निखिल सतरंजीकडे.

"लॅबच्या," मयूरी म्हणाली. "माझ्या नोकरीच्या."

"अगं पोरी, नोकरी तर तू सोडणार हाय ना?" इंदूबाईंचा आवाज खरोखर गोंधळलेला होता. "तुझ्या पप्पांनीच सांगितलं व्हतं आमच्या ह्यांना, बागंत. म्हणले, लग्न झालं की सोडंल, तेवढ्यासाठी अडायचं नाय. नायतर आम्ही तेव्हाच विचारलं असतं ना! आमच्याकडं लपवायचं काय हाय?"

"पप्पा?" मयूरी म्हणाली.

हे पंख्याकडे बघत होते. "चांगलं स्थळ होतं," एवढंच पुटपुटले. "हातचं गेलं असतं. नंतर झालं असतं सगळं नीट."

दोन्हीकडे दोन वेगळे शब्द देऊन हा माणूस निवांत झोपत होता! मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. मारावंसं वाटलं. रडावंसंही वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं आम्ही दोघी येवल्यापर्यंत जाऊन साड्यांत चोर शोधत होतो.

मंदाताई जिंकल्यासारख्या दिसल्या नाहीत. त्या उठून इंदूबाईंसमोर गेल्या आणि हात जोडले. "मी तुमच्यावर संशय घेतला. चुकले."

इंदूबाईंचा चेहरा लाल झाला होता. मयूरी उभी राहिली. माझी पोर तशी हळव्या मनाची, लगेच डोळ्यात पाणी आणणारी. त्या दिवशी एक थेंब नाही. "मी नोकरी सोडणार नाही," म्हणाली. "पत्रिका अजून छापलेली नाही. कोणाला काय म्हणायचंय ते आत्ता म्हणा."

निखिलने आईकडे बघितलं.

"तिकडे नको बघू," मंदाताई कडाडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चला इंदूबाई, चहा बघू. सुनंदा, तूही ये. आणि तुम्ही," यांना म्हणाल्या, "तुम्ही गॅलरीत जा." आमच्या घरात आमच्या यांना कोणी असं बाहेर काढलं नव्हतं. हे मुकाट्याने गेले.

आम्ही तिघी स्वयंपाकघरात. दार लोटलेलं. मंदाताई दाराला कान लावून उभ्या, डोळे मिटून. मी विचारलं, "काय बोलतायत?" "गप." इंदूबाई फणफणत होत्या, "आमच्याकडं छाटणीला बाया मिळंनात, अन् सून रोज नाशकाला जायची!" मंदाताईंनी त्यांनाही हाताने गप केलं. आणि तिघी उभ्या राहिलो. चहा उतू गेला. कोणी गॅस बंद केला नाही. मयूरीचा आवाज यायचा, मग थांबायचा. निखिलचा आवाज फार हळू होता. मला शब्द कळत नव्हते. इतके दिवस मला लग्न मोडायची भीती होती. त्या दारापाशी पहिल्यांदा मला लग्न होण्याची भीती वाटली.

शेवटी मंदाताईंनी डोळे उघडले. "घाबरलाय पोरगा," म्हणाल्या. "पण खोटं बोलत नाहीये."

निखिल मयूरीबरोबर स्वयंपाकघराच्या दारात आला तेव्हा त्याचे कान लाल होते. आईला म्हणाला, "आई, तिला नोकरी सोडायची नाही हे मला आधी माहीत नव्हतं. पण ती जाणार. सकाळी स्टँडवर मी सोडीन. घरचं आपण बघू."

"बघू," इंदूबाई म्हणाल्या.

"'बघू' नको, इंदूबाई," मंदाताई म्हणाल्या. "या शब्दावर मी अख्खे संसार बुडालेले बघितलेत. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. नाही म्हटलंत तरी मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही."

इंदूबाईंनी लेकाकडे बघितलं, मयूरीकडे बघितलं. "खोटं मी बोलले नव्हते," म्हणाल्या. "अन् बोलणार बी नाय. हो. जाऊ दे तिला."

मंदाताईंच्या तोंडून 'हं' निघाला. आखूड.

लग्न झालं. वरातीला खोटा मुहूर्त सांगितला होता, तरी ती उशिराच आली. मंदाताई चपलांची पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. यांच्याशी मी लग्न होईपर्यंत कामापुरतंच बोलले, आणि खरं सांगायचं तर नंतरही बरेच दिवस तेवढंच. हे मंदाताईंना बघून रस्ता बदलायचे. त्या मात्र मुद्दाम हाक मारून विचारायच्या, "काय, तब्येत बरी ना?" आणि डोळे मिटून उत्तर ऐकायच्या.

मयूरी सासरी गेली. फोनवर म्हणायची, "जाते गं आई, रोज जाते." मी म्हणायचे, बरं. पण फोन ठेवला की मनात यायचं, ही खरं सांगते की मला वाईट वाटू नये म्हणून सांगते? लेकीच्या बापाने शिकवलं होतं ना मला, घरातला माणूस कसा गोड बोलतो ते. एकदा सकाळी राहवेना. यांना दूध आणायला जाते सांगितलं आणि सिटी बस पकडून थेट पंचवटीतल्या निमाणी स्टँडवर गेले. निफाडकडून येणाऱ्या गाड्या जिथे थांबतात तिथे समोरच्या बाजूला एका भाजीवालीच्या आडोशाला उभी राहिले.

आणि माझ्या शेजारीच, हातात रिकामी पिशवी घेऊन, मेथीची जुडी उलटी-पालटी करत मंदाताई उभ्या!

"तुम्ही इथे?" मी म्हटलं.

"मेथी घ्यायला आले होते."

"सिडकोत मेथी मिळत नाही?"

"तू कशाला आलीस?"

"मीही मेथीलाच."

भाजीवाली आमच्याकडे संशयाने बघायला लागली. तेवढ्यात बस आली. दार उघडलं, गर्दी उतरली, कॉलेजची पोरं उतरली, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई उतरली. मयूरी दिसेना. मी मंदाताईंचा हात धरला. कधी धरला ते मला कळलंही नाही. त्यांचा हात थंड होता आणि त्यांनी डोळे सताड उघडे ठेवले होते. सगळ्यात शेवटी मयूरी उतरली. खांद्याला पर्स, केस वर बांधलेले, मोबाइलवर कोणाशी तरी बोलत. रिक्षावाल्याला हाताने नको म्हणाली आणि लॅबच्या दिशेने झपझप चालायला लागली. आमच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

मंदाताई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. तेव्हा मी माहेरी होते, मला त्यांना बघता आलं नाही. म्हणून मला त्या आठवतात त्या तिथेच, निमाणीच्या रस्त्याकडेला. मयूरी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत त्या मान उंच करून बघत होत्या.

"आली," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "खरंच येते हो ती."

"आज आली," मंदाताई म्हणाल्या. मग माझा हात सोडवून घेतला. "पण तिचा चेहरा बघितलास का, सुनंदा? कोणाला विचारून आल्यासारखा नव्हता."